एका फियाटची बखर

खामगावचा इतिहास गॅझेटियरात काढून पाहिला, तर त्यात तलवारींपेक्षा कापसाच्या गाठीच जास्त सापडतात. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो इथे येऊन गेले, पण ते कुणाशी लढायला नव्हे. जलंबपासून खामगावपर्यंतच्या आठ मैलांच्या आगगाडीचं उद्घाटन करायला ते आले होते. म्हणजे आमच्या गावात पहिलं इंजिन आलं ते कापूस बाहेर न्यायला. माणसं आपली बैलगाडीतून हिंडत होती आणि कापूस मात्र रेल्वेने मँचेस्टरला निघाला होता. तेव्हापासून गावात एक रीत पडली असावी, की चाकं लावलेली कुठलीही चांगली वस्तू आधी मालाला मिळते, मग मालाच्या मालकाला, आणि सगळ्यांचं वापरून झालं की कारकुनाला.

या रीतीप्रमाणे १९८६ सालची एक प्रीमियर पद्मिनी माझ्या वाट्याला २०२२ साली आली.

ती एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात, कडुनिंबाखाली उभी होती. मूळ मालक वारलेले, मुलगा पुण्याला. त्याला जागा मोकळी करून हवी होती. त्याने अठरा हजार रुपये सांगितले आणि मी ते देऊन टाकले. नंतर कळलं, की आदल्या दिवशी भंगारवाल्याने वजनावर बावीस हजार देऊ केले होते, पण मुलाला गाडी तोडलेली पाहवणार नव्हती. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. घसारा म्हणजे काय, हे मला दोन पद्धतींनी काढता येतं. पण जी वस्तू वस्तू म्हणून अठराची आणि लोखंड म्हणून बावीसची, तिच्यावर घसारा कसा लावायचा हे आम्हाला बी.कॉम.ला कुणी शिकवलं नव्हतं.

गाडी घरी आली तेव्हाचा सौ.शी झालेला संवाद थोडक्यात असा:

"अहो, ही चालते का?"

"चालेल."

"मग आणली कशी?"

"ढकलत."

बँकेत साठ हजारांची एक मुदत ठेव त्या महिन्यात पिकत होती. ती स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी राखून ठेवली होती. ओटा जुना असला तरी भाजी शिजते, आणि गाडी जुनी असली तर मुळीच चालत नाही, हा मुद्दा मी मांडला. सौ.ने तो मान्य केला असं म्हणणं धाडसाचं होईल. ती "साठाच्या वर एक पैसाही नाही" असं म्हणाली, आणि मी त्याला मंजुरी समजलो. आमच्या बँकेत नव्याकोऱ्या मोटारीला कर्ज मिळतं, पण छत्तीस वर्षांच्या मोटारीसाठी कर्ज मागितलं असतं तर शाखाधिकाऱ्यांनी मला आधी पाणी दिलं असतं आणि मग रजा. तेव्हा अर्थसंकल्प ठरला तो साठ हजारांचाच.

आता बखरीला हात घालतो.

बॉनेट उघडलं की आत एक छोटी पट्टी दिसते. गंज घासून काढल्यावर तिच्यावर कंपनीचं नाव आणि मुंबई एवढं वाचता आलं. ही कंपनी काढली वालचंद हिराचंद यांनी, १९४४ साली. हे गृहस्थ सोलापूरचे. १९४० साली त्यांनी बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, १९४१ साली विशाखापट्टणला जहाजाचा, आणि मग मोटारीचा. माणसाला जमिनीवर, पाण्यात आणि आकाशात कुठेही स्वस्थ बसू द्यायचं नाही असा त्यांचा निश्चय दिसतो. त्याआधी साखर कारखाना काढला होता, त्या रावळगावच्या गोळ्या आपण सगळ्यांनी शाळेत चघळल्या आहेत. पण मला या चरित्रात सगळ्यात आवडलेला माणूस वेगळाच आहे. वालचंदांनी तरुणपणी ठेकेदारीला सुरुवात केली ती लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या भागीदारीत. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांचा जम बसला. आणि हे फाटक आधी कोण होते? रेल्वेतले कारकून! भारतीय मोटारीच्या वंशवृक्षाच्या अगदी बुंध्याशी एक कारकून उभा आहे, हे वाचल्यावर मी ते पान सौ.ला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांनी नोकरी सोडली होती ना?" इतिहासातलं नेमकं गैरसोयीचं वाक्य शोधून काढण्यात तिचा हातखंडा आहे.

कुर्ल्याच्या या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जात. डॉज, प्लायमाउथ, डिसोटो ही त्यांची नावं. नावांवरूनच कळतं की त्या आपल्यासाठी नव्हत्या. मग इटलीच्या फियाटशी सूत जमलं. १९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशींवरून सरकारने ठरवलं, की ज्यांना इथे सुटे भाग बनवायचे असतील त्यांनीच राहावं, नुसती जोडणी चालणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. १९५४ च्या सुमारास कुर्ल्यातून फियाट ११०० निघू लागली. तिच्या गोलमटोल अंगावरून मुंबईकरांनी तिचं नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. इटलीच्या लोकांनी इतक्या कलाकुसरीने घडवलेल्या वस्तूचं बारसं आपण असं केलं. १९६४ साली 'डिलाइट' आली, तिचं अंग जरा चौकोनी झालं, आणि तोच साचा थोड्याफार फरकाने शतक संपेपर्यंत चालला. इंजिन १०८९ सी.सी., गिअरचा दांडा स्टिअरिंगला लावलेला, पुढे एकसंध बाक. त्या बाकावर किती माणसं बसू शकतात याचा आकडा कंपनीने काही छापला असेल, पण वऱ्हाडात तो लग्नाच्या तिथीवर अवलंबून असे. सत्तरच्या दशकात परदेशी नाव जाऊन आधी 'प्रेसिडेंट' आणि १९७४ साली 'पद्मिनी' असं नाव लागलं. चितोडच्या राणीचं नाव मोटारीला दिलं. लोक मात्र शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले.

ही स्वस्त गाडी होती का? इथे मात्र माझ्यातला बँकवाला जागा होतो. सप्टेंबर १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या विक्रीच्या किमती आदेश काढून बांधून टाकल्या. त्याच वर्षी जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, म्हणजे सरकार तेव्हा एकूणच किमती ठरवण्याच्या भरात होतं. कंपन्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. किंमत ठरवायला आयोग बसला. एका फियाटला पत्रा किती, रबर किती आणि नफा किती, याचा हिशेब देशातल्या मोठ्या मोठ्या कायदेपंडितांनी केला. माझ्या गाडीच्या आजीची किंमत सर्वोच्च न्यायालयात लागली, हे मी शेजाऱ्यांना सांगतो, पण त्यांना वाटतं आजीवर खटला होता.

कागदावर किंमत बांधली की रस्त्यावर ती सुटते. नवी गाडी हवी तर नाव नोंदवायचं, अनामत भरायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. ज्याचा नंबर लागे त्याने ती दाराशी आणून उभी केली की तिची किंमत वाढलेली असे. आमच्या पाठ्यपुस्तकात यंत्र वापरलं की किंमत उतरते असं सरळ लिहिलं होतं, आणि इकडे वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग. ज्याने ते पुस्तक लिहिलं त्याच्याकडे नक्की सायकल असणार.

'सामान्य माणसाची मोटार' या विषयावर मात्र कागद फार खर्ची पडला. १९६० च्या सुमारास एल. के. झा समितीने कमी किमतीच्या मोटारीची शिफारस केली, मग तिच्यामागोमाग आणखी समिती. आणि इकडे इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचा एक माणूस, समितीबिमितीच्या भानगडीत न पडता, स्वतःच छोटी मोटार बनवून मोकळा झाला होता. १९४९ साली त्यांची पहिली गाडी तयार झाली. पुढे पंचवीसएक वर्षं ते ती सुधारत राहिले. नाव 'मीरा'. सत्तरच्या दशकात ती बारा हजारात देता येईल असा त्यांचा हिशेब होता. फियाटच्या निम्म्या पैशात म्हणा ना. कारखाना काही उभा राहिला नाही. मीरा ती मीराच राहिली, नुसतं भजन झालं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. पद्मिनी आणि मीरा, दोघी चितोडच्या. एकीला कुर्ल्याचा राजवाडा मिळाला, दुसरी इचलकरंजीच्या वेशीबाहेर पडलीच नाही. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली, पन्नास हजारांच्या आसपास किंमत, आणि तिलाही रांग लागली. २००८ साली लाखाची नॅनो जाहीर झाली, तीही दहा वर्षांत थांबली.

मग या सगळ्या काळात आमच्यासारख्या माणसाच्या दारी मोटार आली ती कशी? याचं उत्तर मला कुठल्याही अहवालात सापडलं नाही. ते हायवेच्या कडेला, एका पत्र्याच्या शेडमध्ये, कमरेपर्यंत बॉनेटमध्ये शिरलेलं सापडलं.

त्यांना सगळे चाचा म्हणतात. वय सत्तर. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा पिकतोय. चौदाव्या वर्षी अकोल्याला उस्तादाकडे डुक्कर फियाटचे नट धुण्यापासून सुरुवात. एक मुलगा मोबाइलच्या दुकानात, दुसरा अकोल्यात मोटारींच्या शोरूममध्ये, तिथे गाडीला वायर लावून संगणकावर रोग पाहतात. चाचांनी फियाटचं इंजिन शेवटचं उघडलं त्याला नऊ वर्षं झाली होती. दिवाळीनंतर शेड सोडायचं त्यांनी ठरवलं होतं.

माझी गाडी त्यांनी एकदा चहूबाजूंनी फिरून पाहिली, चाकाला लाथ मारली, आणि म्हणाले, "साहेब, हिले काहीच नाही झालं. हिले फक्त इतके दिवस कोणी इचारलं नाही."

मग एक जुना डालड्याचा डबा पुढे ओढला. आत ग्रीसमध्ये बुडवलेले बुश, वॉशर, एक अख्खा नवा पाण्याचा पंप.

"हे कधीचं, चाचा?"

"पंच्याऐंशी-सहाऐंशीचं असंन. कधी ना कधी लागते म्हणून ठेवलं. लागलं का नाही?"

त्या डब्यात मला एकदम सगळा अर्थशास्त्राचा पेपर सुटलेला दिसला. नवी गाडी मिळत नव्हती म्हणून जुनी मरू देणं परवडत नव्हतं. सुटा भाग मुंबईहून यायला दोन महिने लागत म्हणून बुश लेथवर ओतून-कातून घ्यायचा, गॅस्केट पुठ्ठ्याचं कापायचं. पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याला ती शिक्षकाच्या नाहीतर कारकुनाच्या पगारात बसायची. स्वस्त मोटार म्हणजे तिसऱ्या हातची मोटार अधिक एक मिस्त्री. झा समितीने चाचांना साक्षीला बोलावलं असतं तर अहवाल दोन पानांत संपला असता. अर्थात तेव्हा चाचा आठ वर्षांचे होते.

काम चौदा महिने चाललं. चाचांना घाई नव्हती आणि माझ्याकडे एकदम पैसे काढायची सोय नव्हती, कारण ठेव सौ.ने स्वतःच्या खात्यावर वळवून घेतली होती आणि पावती दाखवल्याशिवाय रक्कम सुटत नव्हती. इंजिन उतरवलं. हेड घासायला अकोल्याला गेलं. पिस्टन आणि रिंगा मात्र इकडे मिळेनात, तेव्हा मी दोन दिवसांची किरकोळ रजा टाकून शेगावहून रात्रीची गाडी पकडली आणि कुर्ल्याला गेलो.

हा प्रवास माझ्या आयुष्यातली एकुलती एक तीर्थयात्रा. ज्या कारखान्यात माझी पद्मिनी जन्मली, तिथे आता कोहिनूर सिटी नावाची उंच उंच घरांची वसाहत आहे. फाटकावरच्या रखवालदाराला मी विचारलं, "इथं पूर्वी फियाटचा कारखाना होता ना?" तो म्हणाला, "कितने नंबर का फ्लॅट?" आणि तिथून जवळच, सी.एस.टी. रोडवर, जुन्या गाड्यांच्या भागांची दुकानं. दारात पद्मिन्यांचे दरवाजे रांगेने टांगलेले, खाली दिव्यांच्या खोबण्या, डेल्को, कार्बोरेटर, स्टिअरिंगची चाकं. बाळंतघर आणि दहनभूमी एकाच उपनगरात. दुकानदाराने पिस्टनचा जोड काढून दिला आणि विचारलं, "टॅक्सी आहे?" मी म्हटलं, "घरची आहे." त्याने शंभर रुपये कमी केले.

पत्र्याचं काम सगळ्यात जास्त चाललं. टिंकरने जुना रंग खरवडायला घेतला तेव्हा थरावर थर निघाले. वर राखाडी, त्याखाली निळा, आणि तळाशी मूळचा मोतिया. पत्रा सडलेला तिथे कापून नवा जोडला, वर लांबी भरली. बंपरचा प्रश्न आला तेव्हा मात्र खामगाव कामाला आलं. आमच्या गावच्या चांदीच्या बाजाराचं नाव लांबवर आहे, तेव्हा धातू चकचकीत करणारा माणूस शोधायला फिरावं लागलं नाही. एकाने बंपर हातात घेऊन निरखला आणि विचारलं, "हे समईचं आहे का पालखीचं?"

मला मात्र सगळ्यात जास्त पाहत बसावंसं वाटे ते चाचांच्या हातांकडे. डेल्कोच्या पॉइंटमधली फट मोजायला त्यांच्याकडे हॅक्सॉच्या पात्याचा एक तुकडा होता, झिजून झिजून नेमका तेवढ्याच जाडीचा उरलेला. टॅपेट ते कानाने लावत. इंजिनावर लांब पेचकस टेकवायचा, दुसरं टोक कानाला, आणि डोळे मिटायचे. डॉक्टरांचा स्टेथस्कोप निदान छातीवर एकाच जागी फिरतो. मुलगा एकदा अकोल्याहून आला होता, त्याला म्हटलं, हे तू शिकून घे. तो हसून म्हणाला, "काका, आमच्याकडे कानाचं काम नसते, कोड येते." त्यात त्याचं चूक काहीच नाही. आजच्या गाडीला पेचकस टेकवायला जागाच नाही. पण चाचांचा कान कुठल्या कोडात उतरवायचा, आणि तो पात्याचा तुकडा कुणाला द्यायचा? मी तो मागितला असता तर त्यांनी दिलाही असता. माझ्या हातात तो नुसता पात्याचा तुकडा झाला असता.

परवान्याची बाजू वेगळीच. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं होतं. वर पर्यावरण कर, वर उशिराचा दंड. गाडी पन्नास वर्षांची झाली की मात्र 'विंटेज' म्हणून मानाने नोंद होते, २०२१ साली तसा नियम आला. म्हणजे पंधरा ते पन्नास या वयात ती सरकारच्या डोळ्यात खुपते, आणि पन्नाशीला एकदम दागिना होते. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. हा नियम माणसांना लागू करण्याबद्दल मी घरात एकदा सुचवून पाहिलं.

ऑक्टोबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात गाडी जुळून तयार झाली. त्याच दिवसांत मुंबईत पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या. वीस वर्षांची वयोमर्यादा संपली, शेवटची काळी-पिवळी रस्त्यावरून उतरली, आणि वर्तमानपत्रांनी अग्रलेखाच्या सुरात निरोप दिला. चाचांनी त्याच पानात स्पार्क प्लग गुंडाळून आणले होते. मी ती बातमी वाचून दाखवली. ते म्हणाले, "मुंबईत पाऊस लय असते. पत्रा टिकत नाही."

मग त्यांनी चोक ओढला, किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्यांदा थोडी जास्त. चाचांनी कार्बोरेटरवर तळहात ठेवून मला खूण केली, मी किल्ली फिरवली, आणि निळ्या धुराचा एक लोट सोडून ती सुरू झाली. चाचा काही बोलले नाहीत. पेचकस टेकवून पाच मिनिटं ऐकत राहिले. चालू इंजिन ऐकताना त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला, कारण चौदा महिने त्यांची पाठच दिसत होती.

घरी येऊन मी हिशेब मांडला. इंजिन साडेसोळा हजार, पत्रा आणि रंग एकोणीस, टायर-ट्यूब अकरा हजार दोनशे, बॅटरी तीन हजार आठशे, वायरिंग साडेचार, कुशन पाच. बेरीज बरोब्बर साठ हजार. सौ.ने कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "आणि चाचांची मजुरी?"

तो रकाना कोरा होता. जेव्हा जेव्हा मी विषय काढला तेव्हा तेव्हा चाचा "मंग पाहू" म्हणत आले होते. आता संध्याकाळी ते आले ते धुतलेल्या पायजम्यात, आणि सोबत चाची. म्हणाले, "साहेब, हिले जनुना तलावापर्यंत नेऊन आणतो. चाळीस वर्षं फियाटच्या खाली निजलो, आत कधी बसलो नाही." मागे सौ. आणि चाची बसल्या. चाचांनी गाडी अशी नेली, की रस्त्यातला एकही खड्डा तिला कळला नाही. तलावाकाठी चाचींनी काच खाली केली, बाहेर पाहिलं आणि मराठीत, मला कळावं अशा बेताने सौ.ला म्हणाल्या, "हिच्यापायी रोज जेवण थंडं झालं. मी म्हटलं, पाहू तरी कशी हाय ते."

परत आल्यावर मी भीतभीतच म्हटलं, "चाचा, मजुरीचं काय?"

"दहा हजार."

"फिरून आलात ना आत्ता?"

"फिरनं अलग, मजुरी अलग."

सौ. आत गेली आणि डाळीच्या डब्यातून दहा हजार घेऊन आली. ठेवीत न दाखवलेली ही रक्कम घरात कधीपासून होती, ते मी विचारलं नाही. चाचांनी नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, खिशात घातल्या, आणि गाडीला वळसा घालून परत वाकले.

"हँडब्रेक लूज हाय, साहेब. उद्या घेऊन या."